पत्ते कधी हातात न धरलेल्या मुलीची संभाव्यता

पत्र : मी कवठेमहांकाळ तालुक्यातली, सध्या सांगलीत होस्टेलवर राहून बारावी सायन्स करतेय. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. गणितात मार्क चांगले पडतात, पण प्रॉबॅबिलिटी आली की सगळं विसरते. सूत्रं पाठ आहेत, तरी बेरीज कुठे करायची आणि गुणाकार कुठे, ते कळत नाही. सर म्हणतात, बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स घे. पप्पा म्हणतात, जमत नाही त्यात कशाला शिरायचं. आमचं माळकरी घर आहे, पत्ते घरात येत नाहीत आणि पुस्तकात बघावं तिकडे पत्त्यांचीच गणितं. मी काय करू?

उत्तर : पत्त्यांचं वाक्य तू जाता जाता लिहिलंस, पण मला वाटतं तुझ्या अडचणीचं मूळ तिथेच आहे. जी वस्तू आपण कधी मोजली नाही, तिच्यावरचं सूत्र डोक्यात बसणार कसं? तुझ्या वर्गातली जी मुलं सुट्टीत पत्ते कुटतात, त्यांना चित्राची पानं बारा असतात हे शिकवावं लागत नाही. तुला ते पाठ करावं लागतं आणि परीक्षेत नेमकं तेच निसटतं. यात तुझं गणित कच्चं आहे असं काहीही नाही.

पत्ते आणायची गरज नाही. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीच्या ५२ चिठ्ठ्या काप. बदाम आणि चौकट लाल शाईने, इस्पिक आणि किलवर काळ्या शाईने. प्रत्येकी तेरा चिठ्ठ्या : एक्का, दुर्रीपासून दश्शीपर्यंत, मग गुलाम, राणी, राजा ही चित्राची तीन पानं. आता पुस्तकातला हा प्रश्न घे : एक पान ओढलं तर ते बदामाचं किंवा चित्राचं असण्याची संभाव्यता किती? बदामाच्या तेरा चिठ्ठ्या चटईवर एका बाजूला लाव. मग चित्राच्या बारा चिठ्ठ्या दुसऱ्या बाजूला लावायला घे. तीन चिठ्ठ्यांपाशी तुझा हात थांबेल. बदामाचा राजा, राणी, गुलाम आधीच पहिल्या ढिगात जाऊन बसलेत! म्हणून १३ अधिक १२ वजा ३, म्हणजे २२, आणि उत्तर २२/५२. बेरजेच्या नियमाच्या शेपटीला ती वजाबाकी का असते, हे एकदा हाताला कळलं की ती पुन्हा विसरत नाही.

गुणाकाराचंही तसंच. लागोपाठ दोन चिठ्ठ्या ओढायच्या आणि दोन्ही एक्के हवेत. पहिल्या वेळी ५२ पैकी ४. ती चिठ्ठी परत टाकली नाहीस तर डब्यात उरल्या ५१ आणि त्यांत एक्के तीनच. ४/५२ गुणिले ३/५१, म्हणजे १/२२१. परत टाकलीस तर १/१६९. म्हणून असं गणित आलं की आधी शोधायचं : पान परत ठेवलं का? पुस्तकात ते दोन शब्दांत सांगितलेलं असतं आणि घाईत नजर त्यावरून घसरते. ‘किंवा’ दिसलं की बेरीज आणि ‘आणि’ दिसलं की गुणाकार, ही क्लासमधली युक्ती अर्धवट आहे. ‘किंवा’ला दोनदा मोजलेलं काय ते बघायचं, ‘आणि’ला पहिल्या घटनेने दुसरीचं काय केलं ते बघायचं.

एक घोटाळा मी वर्षानुवर्षं बघत आलेय. मुलं ‘परस्पर अपवर्जक’ (एकाच वेळी न घडणाऱ्या) आणि ‘स्वतंत्र’ (एकीमुळे दुसरीची शक्यता न बदलणाऱ्या) हे एकच समजतात. एकच पान ओढलंय, तर ते बदामाचं आणि किलवरचं एकाच वेळी असू शकत नाही, या परस्पर अपवर्जक घटना. पण बदाम आलं म्हटल्यावर किलवरची शक्यता शून्यावरच आली, म्हणजे त्या स्वतंत्र कुठे राहिल्या? अकरावीत तुझं माध्यम बदललं आणि हेच शब्द इंग्रजीतून आदळले. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिही आणि शेजारी चिठ्ठ्यांचं एकेक उदाहरण ठेव.

यादी न करता उत्तरावर उडी मारली की मोठी माणसंही चुकतात. दालाँबेर हा फ्रान्सचा नामांकित गणिती. दोन नाणेफेकींत निदान एकदा छाप पडण्याची संभाव्यता त्याने १७५४ साली तिथल्या विश्वकोशात २/३ लिहिली. पहिल्याच फेकीत छाप पडली तर दुसरी फेक करायचीच कशाला, म्हणून त्याने तीनच शक्यता धरल्या आणि तिन्ही सारख्या वजनाच्या मानल्या. छाप-छाप, छाप-काटा, काटा-छाप, काटा-काटा अशा चार लिहून बघ. उत्तर ३/४ येतं.

आता सांगलीकडे ये. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं, हे इथे घराघरांत विचारतात. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे तू ऐकलं असशील. लोकांना वाटतं, एकदा आला म्हणजे पुढची शंभर वर्षं निर्धास्त. त्याचा खरा अर्थ असा की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता १/१०० आहे. नदीकाठी घर बांधून तीस वर्षं राहायचं असेल तर? एकदाही न येण्याची संभाव्यता ०.९९ चा तिसावा घात, सुमारे ०.७४. म्हणजे निदान एकदा येण्याची सुमारे २६ टक्के. ‘निदान एकदा’ आलं की उलट बाजूने मोजायचं, तो नियम हाच. यात एका वर्षाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं आपण धरून चाललो. कृष्णेच्या बाबतीत ते धरता येतं का, हे नोंदी घेऊन तपासणं हे संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाचं काम. २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या जिल्ह्यात हे काम किती मोलाचं आहे, ते तुला वेगळं सांगायला नको.

पप्पांची काळजी मला समजते. तुमच्या भागात द्राक्षबागा आहेत, पप्पांना हवामानावर आधारित फळपीक विम्याबद्दल विचार. पाऊस अमुक इतका पडला तर भरपाई किती आणि त्यासाठी हप्ता किती, हा हिशेब संभाव्यतेवरच उभा असतो. विम्याचा असा हिशेब करणारा तो अ‍ॅक्च्युअरी. त्याची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते, पण पुढचे पेपर संपायला वर्षं लागतात, हे घरी आधीच सांगून ठेव. केंद्र सरकारच्या भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा यूपीएससी घेते आणि तिला पदवीला स्टॅटिस्टिक्स हा विषय असला तरी चालतो. कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापली. तिथल्या बी.स्टॅट. या स्टॅटिस्टिक्सच्या पदवीसाठी चुरस फार, माहितीपत्रक मात्र जरूर बघ. नाहीतर शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांत बी.एस्सी. आहेच, घरापासून जवळ.

स्टॅटिस्टिक्स घेऊ की नको, याचं उत्तर मी आज देणार नाही. एका धड्याच्या मार्कांवरून ते ठरवणं तुझ्यावर अन्याय होईल. दोन महिने रोज एकच गणित सोडव, पण सूत्र लिहायच्या आधी शक्यतांची यादी कर. यादी मोठी होत असेल तर निदान तिची सुरुवात तरी कर. ती करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही, तर सरांचं ऐक. रोज कंटाळाच आला तर पप्पांचं म्हणणंही खुल्या मनाने ऐक. त्यातली पंचवीस गणितं मला पाठव. उत्तर चुकलेलं चालेल, यादी मात्र सोबत हवी.