गिरणगावाविषयी लिहिणाऱ्या नव्या विद्यार्थ्यास

परळ-लालबाग या मुंबईतल्या जुन्या कापड गिरण्यांच्या भागावर, म्हणजे गिरणगावावर, टिपण लिहिताना ‘पूर्वी चाळी होत्या, आता टॉवर आहेत’ एवढ्यावर थांबू नका, कारण हे वाक्य खरे असले तरी बदल का झाला ते त्यातून कळत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने गिरण्या संपवल्या, असे सरसकट सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते, कारण आजचा परिसर घडवण्यात जमिनीच्या नियमांचाही वाटा मोठा आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमानुसार पुनर्विकासात गिरणीच्या जमिनीचा साधारण एकतृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, जवळपास तितकाच घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१मधील दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली, त्यामुळे मालकाचा वाटा वाढला, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरवली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी झालेल्या मॉलमध्ये गिरणीची जुनी धुराची चिमणी पाहताना (तिचे छायाचित्र सगळेच काढतात) हा तपशील हाताशी असावा.

जुन्या कामगारांना ‘आता कसे वाटते?’ असे विचारल्यास ठरीव उत्तरेच मिळतात. त्यापेक्षा गिरणीतले कोणते खाते (विभाग), कोणती पाळी, जेवण कोणत्या खानावळीत, गावकीच्या खोलीत (एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या) किती जण आळीपाळीने झोपत, असे विचारा. सांगितलेली वर्षे मात्र कागदपत्रांशी ताडून घ्या आणि आठवण व नोंद जुळत नसतील, तर दोन्ही टिपणात द्या.