720 खासदारांत लक्झेंबर्गचे 6 : त्यांचं कुणी ऐकतं का?

लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या देशाला युरोपीय संसदेत काही किंमत असते का, की सगळं जर्मनी-फ्रान्सच ठरवतात, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं इथे राहते. पासपोर्ट भारतीय असल्याने मला मत नाही, पण जून 2024 ची निवडणूक जवळून पाहिली आहे.

संसदेत 720 जागा आहेत. युरोपीय संघाच्या लिस्बन करारानुसार कुठल्याही देशाला 6 पेक्षा कमी आणि 96 पेक्षा जास्त मिळत नाहीत. जर्मनीला 96, लक्झेंबर्ग, माल्टा आणि सायप्रसला प्रत्येकी 6. म्हणजे जर्मनीत एका खासदारामागे साधारण पावणेनऊ लाख लोक, तर इथे सव्वा लाखसुद्धा नाहीत. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 2009 मध्ये लिस्बन करारावरच्या निकालात या असमानतेवर बोट ठेवलं होतं, आणि तो आक्षेप चुकीचा नाही.

तरीही मला ही सहाची अट न्याय्य वाटते. जर्मनीचा हिशेब लावला तर लक्झेंबर्गच्या वाट्याला धड एक जागासुद्धा येत नाही. इथे सगळा देश मिळून एकच मतदारसंघ. मतदान सक्तीचं. प्रत्येक मतदाराला सहा मतं असतात. ती एका पक्षाच्या अख्ख्या यादीला द्या, नाहीतर वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांत वाटा. निवडणुकीआधी शेजारच्या आजी नमुना मतपत्रिका टेबलावर पसरून बसल्या होत्या. दोन मतं एका पक्षाला, तीन दुसऱ्याला, एक तिसऱ्याला, असा त्यांचा हिशेब दुपारभर चालला होता. निकाल लागला तेव्हा सहा जागा पाच पक्षांत विभागल्या होत्या. एकच जागा असती तर एकाच पक्षाचा माणूस गेला असता आणि बाकीच्या देशाचं म्हणणं तिथे मांडायला कुणी उरलं नसतं.

संसदेत खासदार देशवार बसत नाहीत, राजकीय गटांत, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या समविचारी पक्षांच्या गटांत, बसतात. त्यामुळे हे सहा जण वेगवेगळ्या गटांत विखुरतात. समित्या वीसच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आपला माणूस असणं शक्यच नसतं. पण रॅपोर्टर, म्हणजे एखादा कायदा संसदेतर्फे हाताळणारा खासदार, छोट्या देशाचाही होतो. जंगलतोड करून पिकवलेली कॉफी, कोको, पामतेल युरोपात विकता येऊ नये म्हणून 2023 मध्ये जो कायदा झाला, त्याचे रॅपोर्टर लक्झेंबर्गचे क्रिस्टॉफ हान्सन होते. अभ्यास असेल तर मोठ्या देशांचे खासदारही ऐकतात. माल्टाच्या रॉबर्टा मेत्सोला 2022 पासून संसदेच्या अध्यक्ष आहेत, त्याही गटाच्या बळावरच.

एक गोष्ट मात्र मला, मराठी माणूस म्हणून, फार लागते. संघाच्या 24 अधिकृत भाषांत माल्टीज आहे, लक्झेंबर्गिश नाही. इथल्या खासदारांना सभागृहात फ्रेंच किंवा जर्मनसारख्या दुसऱ्या भाषेत बोलावं लागतं.

आणि प्रश्नात संसदेचाच उल्लेख असला तरी सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद विसरू नका. तिथे बहुतेक कायद्यांना 27 पैकी 15 देश आणि 65 टक्के लोकसंख्या असा दुहेरी पाठिंबा लागतो. करांच्या बाबतीत तर एकमतच हवं, म्हणजे लक्झेंबर्ग एकटा ‘नाही’ म्हणाला तरी प्रस्ताव अडतो. माझ्या मते या देशाचा खरा भरवसा त्या एका मतावर आहे.