पहिल्या दिवशी राजवाडा नको

ताई, नमस्कार. मी निवृत्त मुख्याध्यापक. सौ., मेहुणी आणि मी असे तिघे नोव्हेंबरात बँकॉकला निघालो आहोत. परदेशाची तिघांचीही पहिलीच वेळ. बुकिंग मुलाने पुण्याहून केलंय. विमान पहाटे ५.४० ला उतरतं, हॉटेल सीलोम भागात आहे आणि खोली दुपारी दोनला मिळणार. मधले आठ तास वाया जाऊ नयेत म्हणून असा बेत केलाय: विमानतळावरून थेट राजवाडा, मग वाट फो आणि नदीपलीकडचं वाट अरुण ही देवळं, संध्याकाळी बाजार. सौ. पूर्ण शाकाहारी आहे. बेत जमेल ना?
– एक वाचक, कराड

सर, तुमचा बेत वाचताना शाळेचं वेळापत्रक डोळ्यासमोर आलं. आठ तास आणि मधली सुट्टी गायब! जमणार नाही असं नाही, पण दुपारी बारा वाजता वाट फोच्या ओट्यावर वहिनी पाय धरून बसतील, मेहुणीबाई बोलायच्या बंद होतील आणि तुम्ही एकटेच नकाशा हातात घेऊन उभे राहाल. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथे सहा वर्षं राहिले. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्या दिवशी राजवाड्याला जायचा आणि दुसऱ्या दिवशी झोपून काढायचा.

बँकॉकचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे. तिथे ५.४० म्हणजे कराडात ४.१० आणि विमानात झोप लागलेली नसणार. अशा डोक्याने माणूस फसतो. मी फसले आहे. २००९ साली आम्ही असेच पहाटे उतरलो आणि दहा वाजता राजवाड्याच्या भिंतीशी हजर. इस्त्रीच्या शर्टातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक भला माणूस म्हणाला, आज बौद्धांचा सण, राजवाडा दुपारपर्यंत बंद. हा टुकटुकवाला वीस बाटमध्ये तुम्हाला दुसरी देवळं दाखवेल. तेवढ्या पैशात बँकॉकभर फिरवणारा माणूस कमाई कुठून करतो, हा प्रश्न एरवी मला पहिल्या मिनिटाला पडला असता. त्या दिवशी पडला नाही. एक देऊळ झालं, दुसरं झालं आणि तिसऱ्या थांब्याला रत्नांचं दुकान. सहा हजार बाटचा नीलम घेऊन बाहेर पडले. राजवाड्याचं दार तेवढा वेळ सताड उघडं होतं. तो रोज साडेआठ ते साडेतीन उघडा असतो. राजघराण्याचा काही समारंभ असेल तर कधी बंद ठेवतात, पण ते थेट फाटकावर जाऊन विचारायचं, रस्त्यावरच्या माणसाला नाही.

राजवाडा पुढे ढकला म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. आतल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती लांबच लांब ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, १७८ चित्रांत. तिकडे त्याला रामाकियन म्हणतात, रावणाला थोत्सकान, म्हणजे आपला दशकंठ. त्यांचा हनुमान मात्र ब्रह्मचारी नाही बरं का! रावणाची मत्स्यकन्या सुवर्णमच्छा सेतूचे दगड पळवायला येते आणि हा तिच्या प्रेमात पडतो. तुम्ही ही भिंत पेंगत बघितलीत तर मलाच वाईट वाटेल. तिला दीड तास तरी द्या, ताज्या डोळ्यांनी, दुसऱ्या दिवशी साडेआठला. तिकीट ५०० बाट आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस चालतो. तुमची मुलाने घेऊन दिलेली बर्म्युडा हॉटेलवरच राहू द्या.

आता पहिला दिवस. तिथे उतरण्याआधीच्या तीन दिवसांत थायलंडचा आगमन अर्ज ऑनलाइन भरायचा, तो फुकट असतो. पैसे मागणारी पानं दिसली तर ती त्यांच्या सरकारची नव्हेत. मुलालाच भरायला सांगा. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते वकिलातीच्या पानावर त्याच्याकडूनच बघून घ्या.

तिघं, सहा बॅगा (मेहुणीबाईंच्या दोन धरल्यात) आणि सकाळची ऑफिसची गर्दी, म्हणून रेल्वे नको, टॅक्सी करा. आगमनाच्या दारातून बाहेर आलात की एक मजला खाली उतरा. तिथे मशीनचं बटण दाबलं की चिठ्ठी येते, तिच्यावर रांगेचा नंबर असतो. त्या नंबराखाली उभी असलेली गाडी तुमची. चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात देऊन टाकू नका. मीटर ३५ बाटपासून चालू होतो, वर विमानतळाचे ५० आणि हायवेचा टोल. सीलोमपर्यंत चारशे-साडेचारशेत काम होतं. ‘मीटर नाही, आठशे’ म्हणाला तर भांडत बसू नका, उतरून दुसरी चिठ्ठी काढा. एक मात्र करा. हजाराची नोट तशीच टॅक्सीवाल्यापुढे धरू नका, त्याच्याकडे सुट्टे नसतात. आधी विमानतळावरच पाण्याची बाटली घेऊन नोट मोडा.

सातच्या सुमारास हॉटेल. खोली मिळणार नाही, पण बॅगा ठेवून घेतात. त्यांचं टोकन घ्या. हातातल्या पिशवीत प्रत्येकाचा एक कपड्याचा जोड, पंचा, ब्रश आणि बीपीच्या गोळ्या वेगळ्या ठेवलेल्या असू द्या. लॉबीच्या बाथरूममध्ये तोंड धुऊन कपडे बदलले की अर्धा शीण उतरतो.

मग लुंपिनी पार्क. बुद्धाचा जन्म झाला त्या लुंबिनीचंच हे नाव. सीलोम रस्त्याच्या टोकालाच आहे. सकाळी तिथे आजी-आजोबा हळूहळू हात फिरवत व्यायाम करत असतात. बरोबर आठला भोंग्यावर राष्ट्रगीत लागतं आणि पळणारी माणसंसुद्धा जागच्या जागी थांबतात. तुम्हीही उभे राहा, तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तळ्याकाठी बसलात की पाण्यातून घोरपड येईल. माणसाच्या उंचीची घोरपड मी स्वतः पाहिली आहे, जीभ लपलपवत पाऊलवाट ओलांडून गेली. पहिल्यांदा माझ्या तोंडून ‘यशवंती!’ एवढंच निघालं. दोर बांधायची हौस करू नका, लांबूनच बघा. ती आपणहून अंगावर येत नाही.

तिथून वाटलंच तर सीलोमवरच्या महा उमादेवीच्या देवळात जा. तमिळ मंडळींनी बांधलेलं, तसंच रंगीत गोपुर आणि बाहेर हारवाल्या. वहिनींना जरा घरी आल्यासारखं वाटेल. तेवढं बास. बाराला हॉटेलवर येऊन खोलीची चौकशी करा, कधी कधी आधीही देतात. मिळाली की झोपा, पण गजर लावून, दीड तास.

चार वाजता उठून स्कायट्रेनने सफान ताकसिन स्टेशन गाठा. जिन्याखालीच नदीचा धक्का आहे. केशरी झेंड्याच्या बोटीत बसा, तिकीट अगदी थोडक्यात. पाचनंतर ऑफिसवाले चढतात, म्हणून चारचं म्हणते. कंडक्टरबाईच्या हातात पत्र्याची लांबट नळी असते. तिच्यात सुटे पैसे खुळखुळवत ती गर्दीतून येते, अगदी आपला एसटीचा कंडक्टर चिमट्याची टकटक करत यायचा तशी. धक्का आला की मागचा पोऱ्या शिट्ट्या मारून चालकाला सांगतो: पुढे, मागे, थांब. डाव्या हाताला वाट अरुण दिसेल. पहिल्या दिवशी तेवढंच बघा, बोटीतून. अंधाराच्या आत परत फिरा.

राहिलं वहिनींचं जेवण. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान म्हणजे मांस, मासे, अंडं काही नाही, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांनाही चालेल. दुसरा शब्द ‘मङ्सविरत’. नीट ऐका, आपलं मांस आणि विरती आहे ते. मात्र त्यात अंडं येऊ शकतं. खरी अडचण माशाच्या पाण्याची, ‘नाम प्ला’ची. नुसत्या भाज्यांच्या पदार्थातही ते मिठासारखं घालतात. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे ते घालू नका. शेवटी आदरार्थी बायका ‘खा’ जोडतात. सगळ्या दुकानदारणी ‘सवादी खा’, ‘खोप खुन खा’ म्हणत राहतात. माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, किती आग्रह करतात गं या!

विमानतळावरचं समुद्रमंथनाचं शिल्प मला दिसलंच नाही. कुठे चुकले?
– वाचक, नाशिक

चुकला नाहीत. ते निघताना, पासपोर्ट तपासून आत गेल्यावर दिसतं. परतीला अर्धा तास हातचा ठेवा.

माझ्या भावाने बँकॉकहून आणलेल्या पावतीवर २५६८ साल आहे. छपाईची चूक का?
– वाचक, ठाणे

नाही, तो बौद्ध शक. त्यातून ५४३ वजा करा, आपलं साल मिळेल. माझ्या नीलमाच्या पावतीवर २५५२ आहे. आपल्या सराफाने भिंग लावून बघितलं, म्हणाला, ‘ताई, आहे नीलमच, पण सहाशेचा.’ नवरा म्हणाला, तारीख नीट वाच, नीलमाला सहा हजारांचा भाव यायला अजून ५४३ वर्षं आहेत.