मतदार देतो की बाळगतो?

प्रश्न : 'मतदार' म्हणजे मत देणारा, हे कळतं. पण 'मतदारसंघ' जर मतदारांचा संघ, तर गावं-तालुक्यांच्या नकाशाला आपण मतदारसंघ का म्हणतो?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्हाला जे 'कळतं' म्हणता, आधी तिथेच थांबू या. 'मतदार'मधला 'दार' देण्याचा नव्हे. तो फारसी प्रत्यय, अर्थ 'बाळगणारा'. जमीनदार, दुकानदार, ठेवीदार आठवा. देणाऱ्यासाठी हिंदीत 'मतदाता' आहे. मराठी मतदाराजवळ मत असतं, ते त्याने दिलं नाही तरी असतं. मला आपला शब्द जास्त आवडतो. आमदार-खासदारांच्या शेवटीही हाच 'दार' आहे.

आता 'संघ'. तो मुळात माणसांचाच. दहावीच्या पेपरांत मी दरवर्षी एक चूक पाहायचे : 'बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी वेगळा प्रदेश मागितला.' मुलं 'स्वतंत्र मतदारसंघ' वाचून नकाशा डोळ्यांपुढे आणत. बाबासाहेबांची मागणी भूभागाची नव्हतीच. अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्य मतदारांनीच निवडावेत, ही होती. 24 सप्टेंबर 1932च्या पुणे करारात त्याऐवजी संयुक्त मतदारसंघ आणि प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा आल्या. दोन्ही शब्दांत 'मतदारसंघ' म्हणजे मतदारांचा गट. हा अर्थ निसटला की तो सगळा झगडाच समजेनासा होतो, म्हणून मी त्या चुकीवर अख्खा तास घालवत असे.

पुढे राहत्या पत्त्यावरून मतदारांची विभागणी रुळली. गटाला सीमा आली आणि गटाचं नाव जमिनीला चिकटलं. महाराष्ट्रातले लोकसभेचे 48 आणि विधानसभेचे 288 मतदारसंघ असे आहेत. हिंदीने सरळ 'निर्वाचन क्षेत्र' म्हटलं, त्यात माणूस दिसत नाही.

जुना अर्थ मात्र विधान परिषदेत जिवंत आहे. तिथे पदवीधरांचे 7 आणि शिक्षकांचे 7 मतदारसंघ आहेत. त्यांनाही विभागाची सीमा असते, पण नुसतं तिथे राहून भागत नाही. माध्यमिक शाळेत शिकवत होते तोवर मी शिक्षक मतदारसंघात होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्या यादीतून माझं नाव गेलं. घर तेच होतं, पत्ताही तोच.