ब्लेंडर या थ्रीडी अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला केसाळ, प्रेमळ राक्षस मुलांना भीतीदायकच वाटतोय. काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत: राक्षस गोड दिसण्याऐवजी भेसूर दिसतो, चालताना केसांमधून कातडी डोकावते, आणि तीस सेकंदांची फिल्म रेंडर व्हायला (म्हणजे संगणकाने एकेक अंतिम चित्र काढायला) दिवसच्या दिवस जातात. वर्णनावरून वाटतं की केस फार लवकर लावलेत. आधी ते सगळे लपवा आणि नुसता टकला राक्षस बघा. टकला असताना तो गोड दिसत नसेल, तर लाखभर केस लावूनही दिसणार नाही.

सगळ्यात जास्त घोळ भुवयांपाशी होतो. भुवयांची आतली टोकं खाली झुकली की चेहरा रागीट होतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पण कपाळावर दाट केस असले की त्यांची सावली डोळ्यांवर पडते आणि रिगमध्ये (पात्र हलवायच्या हाडांच्या सांगाड्यात) काहीही न करता राक्षस चिडलेला दिसतो. म्हणून डोळ्यांभोवतीचे केस अगदी आखूड ठेवा आणि बाहेरच्या बाजूला विंचरा. डोळे मोठे आणि चेहऱ्याच्या मध्यापेक्षा जरा खाली घ्या, डोळ्यातली बाहुलीही मोठी ठेवा. डोळ्यात प्रकाशाचा एक स्पष्ट ठिपका हवाच. तो नसला की डोळा निर्जीव वाटतो. प्रत्येक शॉटमध्ये तो आपोआप पडेल याचा भरवसा नसतो, म्हणून फक्त डोळ्यांसाठी एक छोटा दिवा लावा. ब्लेंडर ४.० पासून सायकल्स या त्याच्या रेंडर इंजिनमध्ये लाइट लिंकिंग आहे, त्यामुळे तो दिवा फक्त डोळ्यांना जोडता येतो आणि बाकी अंगावर पडत नाही.

दातांचं म्हणाल, तर वरून खाली आलेले टोकदार सुळे शिकारी जनावराची आठवण करून देतात. खालच्या जबड्यातून वर आलेले दोन बोथट दात मात्र भोळे दिसतात.

आता केस. ‘मॉन्स्टर्स, इंक.’ हा पीट डॉक्टर यांचा २००१ सालचा चित्रपट या बाबतीत अजूनही अभ्यासण्यासारखा आहे. त्यातल्या सली या केसाळ राक्षसाच्या अंगावर २३,२०,४१३ केस होते. ते एकेक करून कोणी हलवले नाहीत. थोड्याशा मुख्य केसांचं सिम्युलेशन केलं (म्हणजे त्यांची हालचाल संगणकाकडून काढून घेतली) आणि मधले केस त्यांच्यावरून भरून काढले. तुम्हीही तसंच करायचं: काही शे मार्गदर्शक केस हाताने विंचरायचे, बाकीचे इंटरपोलेट करायचे, म्हणजे सॉफ्टवेअरला मधे भरू द्यायचे.

त्याआधी दोन गोष्टी. ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल आणि ए दाबून स्केल अप्लाय करा (मॉडेल लहान-मोठं केलेलं माप पक्कं करा), नाहीतर लांबी आणि दाटपणाचे आकडे खोटे ठरतात. दुसरं म्हणजे यूव्ही (कातडीचा सपाट पसरलेला नकाशा) नीट उलगडा, एकही तुकडा दुसऱ्यावर चढता कामा नये. ब्लेंडरच्या नवीन पद्धतीचे केस, म्हणजे हेअर कर्व्ह्ज, अंगावर कुठे उगवलेत हे यूव्हीवरूनच ठरतं. मिरर मॉडिफायरने अर्ध्या शरीराचं आरशातल्यासारखं प्रतिबिंब काढून दुसरी बाजू बनवली असेल, तर दोन्ही बाजूंचे यूव्ही एकावर एक बसतात आणि डाव्या मांडीचे केस उजव्या मांडीवर उडी मारतात. ही चूक फार जणांकडून होते, आणि शोधायला लोक तासन्‌तास भलतीकडेच बघत बसतात.

मग ऑब्जेक्ट मेनूतून क्विक इफेक्ट्स आणि तिथून क्विक फर घ्या. व्ह्यूपोर्ट अमाउंट (काम करताना पडद्यावर दिसणाऱ्या केसांचं प्रमाण) कमी ठेवा, म्हणजे काम करताना मशीन अडकणार नाही. शरीर हललं आणि केस जागच्या जागी हवेत राहिले, तर मेशच्या (शरीराच्या मॉडेलच्या) शेप कीज पॅनेलमध्ये ‘अॅड रेस्ट पोझिशन’ची खूण आहे का ते बघा.

कातडी डोकावते ती बहुतेक काख, गुडघ्याची मागची बाजू आणि हनुवटीखाली. त्यावर केस वाढवत नेणं हा महागडा उपाय आहे. कातडीलाच केसांच्या मुळाचा रंग द्या, किंचित गडद. फट पडली तरी ती सावली वाटते. या जागांवरचे केस बाकीच्यांच्या एक तृतीयांश लांबीचे ठेवा, म्हणजे ते शरीरात घुसणार नाहीत.

रेंडरचं गणित मांडून बघा. सेकंदाला २४ फ्रेम (स्थिर चित्रं) धरल्या तर ३० सेकंदांच्या ७२० होतात. एका फ्रेमला ५ मिनिटं लागली तर ३६०० मिनिटं, म्हणजे ६० तास. (सलीच्या एकेका फ्रेमला ११-१२ तास लागायचे, तेव्हा निराश होऊ नका.) सायकल्सच्या कर्व्ह्ज सेटिंगमध्ये राउंडेड रिबन्स (केस सपाट फितीसारखे काढणारा हलका पर्याय) निवडा आणि परसिस्टंट डेटा (एका फ्रेमची माहिती पुढच्या फ्रेमसाठी राखून ठेवणारी सोय) चालू करा. दूरच्या शॉटसाठी कमी पण जाड केसांची वेगळी प्रत ठेवा. केस पिक्सेलपेक्षा बारीक झाला की तो नुसता नॉइज (चित्रातले बारीक दाणे) वाढवतो. कमी सॅम्पल्सवर (दर पिक्सेलला प्रकाशाचं कमी वेळा गणित करून) डिनॉइझर, म्हणजे दाणे पुसणारं साधन, लावून वेळ वाचवायचा मोह टाळा. एका स्थिर चित्रात ते खपून जातं, पण हलत्या फिल्ममध्ये सगळी लव वळवळताना दिसते.

केसांच्या सिम्युलेशनमध्ये इतक्यात पडू नका, असं माझं मत आहे. पोट, गाल आणि कोपर इथे एकेक जादा हाड द्या आणि ते शरीराच्या २-३ फ्रेम मागून येऊ द्या. डोळ्याला ते केसांचं हलणंच वाटतं. साधी चाल एका पावलाला १२ फ्रेमची असते. तुमचा राक्षस जड आहे, त्याला १६ ते १८ द्या. हसू येण्यासाठी मात्र वेग उलटा हवा: गुरगुरण्याचा पवित्रा १० फ्रेम तसाच धरा, आणि मूल हसलं की ३-४ फ्रेममध्ये राक्षसाचे खांदे खाली, डोळे विस्फारलेले. २०१२ च्या ‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’त दिग्दर्शक गेंडी टार्टाकोव्हस्की यांनी अशा झटक्यात बदलणाऱ्या, ताणलेल्या पोझेस खूप वापरल्यात, थेट फ्रेमवर रेघा मारून अॅनिमेटर्सना दाखवत. तो चित्रपट आवाज बंद करून फ्रेमगणिक पुढे सरकवत बघा.

सगळं झालं की सर्वांत अंधाऱ्या शॉटचे २ सेकंद अर्ध्या रिझोल्यूशनवर काढा. ४८ फ्रेमच असतात. डोळ्यातला ठिपका आणि भुवयांची सावली तिथे लगेच दिसते.