ताई ची शिकून तब्येत आणि स्वसंरक्षण, दोन्ही साधतं का?

तुम्ही लिहिलंय की वय 47, जिना उतरताना गुडघे कुरकुरतात, कामावरून घरी यायला रात्रीचे दहा-साडेदहा होतात. मग ताई ची, म्हणजे ती संथ हालचालींची चिनी युद्धकला, शिकलं तर तब्येत आणि स्वसंरक्षण दोन्ही मार्गी लागेल का, आणि व्हिडिओ बघून जमेल का. गुडघ्यांसाठी खुशाल शिका, पण समोर शिकवणारं माणूस हवं. स्वसंरक्षणाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो भ्रमाचा भोपळा माझ्या स्वतःच्या नाकावर फुटलाय.

नोकरीच्या निमित्ताने साडेतीन वर्षं शांघायला होतो. घराजवळ फूशिंग पार्क. सकाळी साडेसहालाच तिथे गर्दी. कुणी पाण्यात बुडवलेल्या लांब कुंचल्याने फरशीवर अक्षरं काढतंय, कुणी जोडीने नाचतंय, आणि मार्क्स-एंगल्सच्या पुतळ्यापासून थोडं पुढे आमचा पंधरा-वीस जणांचा घोळका. शिकवणाऱ्या बाई कापड गिरणीतून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना 'लाओशी' म्हणत, म्हणजे आपल्या शाळेतल्या 'बाई'च. आईला फोनवर म्हटलं, "ताईची शिकतोय." ती म्हणाली, "कुणाच्या ताईची?"

नावाचा आणखी एक घोळ आहे. यातला 'ची' म्हणजे प्राणशक्तीवाला 'छी' नव्हे; ती दोन वेगळी चिनी अक्षरं. पूर्ण नाव ताइजीचुआन. 'ताइजी' म्हणजे यिन आणि यांग या एकमेकींना पूरक, उलट शक्ती ज्यातून निघतात ते मूळ तत्त्व, आणि 'चुआन' म्हणजे मूठ, ठोसा. मारामारी नावातच आहे. हेनान प्रांतातल्या चेनजियागौ गावात, चेन घराण्यात, सतराव्या शतकापासून ही विद्या चालत आली असं मानतात. एकोणिसाव्या शतकात यांग लूचान तिथे शिकला आणि पुढे बीजिंगला जाऊन शिकवू लागला. त्याचा नातू यांग चंगफू याने संथ, ऐसपैस हालचालींचा प्रकार रूढ केला, आणि त्या यांग शैलीवरून 1956 साली चीनच्या क्रीडा खात्याने 24 हालचालींचा सुटसुटीत क्रम बांधला. बागेत बहुतेक हाच दिसतो. पाच-सहा मिनिटांत संपतो. तो बांधला तोच मुळी सर्वसामान्यांच्या तब्येतीसाठी.

पहिले तीन आठवडे बाईंनी मला हात हलवूच दिले नाहीत. नुसतं चालायचं. माझ्या पुढच्या पावलाखाली त्या वर्तमानपत्राचा कागद ठेवायच्या. मी छातीठोकपणे सांगायचो की सगळा भार मागच्या पायावर आहे. त्या वाकून कागद ओढायच्या आणि तो टर्रकन फाटायचा. पाय खरोखर रिकामा असेल तर कागद सुळकन निघून येतो. मला त्याला बारा दिवस लागले. बाकीचे म्हातारे येता-जाता फाटक्या कागदांकडे बघून हसायचे.

पुण्याला परतल्यावर एका पावसाळ्यात सोसायटीच्या शेवाळलेल्या पायरीवर पाय ठेवला आणि तो घसरला. नुसता पायच घसरला. भार अजून मागे होता, त्यामुळे मी पडलो नाही. आपल्या वयात अंगावर चोर येण्यापेक्षा फरशी येण्याची शक्यता जास्त, तेव्हा मी हे स्वसंरक्षणातच धरतो. अमेरिकेत ओरेगनमध्ये पार्किन्सनच्या 195 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात 24 आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला, आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले.

आता गुडघे. चौथ्या महिन्यात मी स्वतःचाच गुडघा सुजवून घेतला. चूक माझी. खाली बसून केलं की भारी दिसतं म्हणून बैठक खोल घ्यायचो, आणि वळताना कंबरेखालून न वळता भार असलेला गुडघाच पिळायचो. बाई जांघेच्या घडीवर बोट ठेवून ओरडायच्या, "क्वा! क्वा!" मला आधी वाटलं, ह्यांना मराठीतला खुबा कुठून माहीत? जागा साधारण तीच. वळायचं ते तिथून. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा, आणि पाऊल फिरवायचं असेल तर आधी त्यावरचा भार काढायचा. व्हिडिओत हे सगळं दिसतं, पण तुमचा गुडघा आत पडलाय हे व्हिडिओला दिसत नाही. क्रम पाठ करायला व्हिडिओ उत्तम, शिकायला नाही. 2016 साली बोस्टनमधल्या अभ्यासात गुडघ्याच्या संधिवाताचे 204 रुग्ण होते. 12 आठवड्यांनी ताई ची करणाऱ्यांचं दुखणं फिजिओथेरपीवाल्यांइतकंच कमी झालेलं आढळलं. तरी सुरू करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. निवड असेल तर यांग किंवा सुन शैली घ्या; सुनमध्ये बैठक उंच असते. चेन शैलीतले झटके आणि पाय आपटणं मला फार आवडतं, पण तुम्हाला आत्ता नको.

लढाईचा दरवाजा उघडतो तो 'तुइशौ'मध्ये. दोघांनी मनगटाला मनगट लावून समोरासमोर उभं राहायचं आणि एकमेकांचा तोल काढायचा. माझा जोडीदार एक गोलमटोल टॅक्सीवाला होता. मी खांदे आवळून ढकललं की तो जिथे होता तिथे नसायचाच, आणि माझाच आवळलेला खांदा धरून मला दोन पावलं मागे पाठवायचा. वर्षभराने मी त्याला अधूनमधून हलवू लागलो आणि डोक्यात हवा गेली. पुण्यात बॉक्सिंग करणाऱ्या एका मित्राला म्हटलं, मार बघू, मी वळवतो. त्याने अर्ध्या जोराने डावा ठोसा मारला. ताई चीतल्या ढगासारख्या संथ हालचालीप्रमाणे माझा हात 'मेघासारखा' वर यायच्या आत नाकातून रक्त. तुइशौमध्ये मनगट आधीच चिकटलेलं असतं. ठोसा लांबून येतो, आणि त्याचा सराव मी एक दिवसही केला नव्हता.

माझ्याहून मोठ्यांचंही हेच झालंय. 2017 साली चंगदूमध्ये शू शियाओदोंग या एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींच्या) लढवय्याने स्वतःला ताई ची गुरू म्हणवणाऱ्या एकाला काही सेकंदांत लोळवलं आणि चीनभर गदारोळ उठला. त्यावरून विद्या खोटी ठरते असं मी म्हणत नाही. पण ज्या वर्गात प्रतिकार करणारा जोडीदार कधीच मिळत नाही, तिथे लढणं येत नाही. मग ती ताई ची असो की कराटे.

म्हणून वर्गात आधी एकच विचारा: तुइशौ घेता का, आणि त्यात समोरचा खरंच विरोध करतो का? हात न लावता शिष्य उडवून दाखवत असतील तर चप्पल घालून निघा. रात्रीच्या प्रवासाची काळजी आत्ताची असेल, तर आठवड्यातून एक दिवस बॉक्सिंग किंवा ज्युदो वेगळं लावा, गुडघे मानवतील तसं. ताई चीकडून वर्षभर तरी ती अपेक्षा ठेवू नका.

कागदाचा प्रयोग मात्र आजच करून बघा. स्वयंपाकघरात, एक हात ओट्याला लावून. कागद ओढायला घरातल्या कुणाला तरी सांगा. पहिला फाटणारच.