मंडळीत नव्याने आलेल्या बंधूस, अर्पणाविषयी

प्रिय बंधू, अर्पणाची थैली पुढे आली की हातातील नाण्याची लाज वाटते, असे आपण म्हणालात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायातील गरीब विधवेच्या दोन टोल्या (अगदी क्षुल्लक किमतीची नाणी) येशूने धनवानांच्या देणग्यांहून अधिक मानल्या, कारण त्यांनी आपल्या विपुलतेतून दिले आणि तिने सारी उपजीविका दिली. मात्र त्याच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना त्याने दोष दिला आहे, म्हणून या कथेचा दाखला देऊन कोणी कर्ज काढून देण्यास सांगितल्यास नम्रपणे नकार द्यावा. ज्यांना कोकरू परवडत नसे त्यांच्यासाठी मोशेच्या नियमशास्त्रात पक्ष्यांच्या जोडीची सोय होती, आणि लूक 2:24 वरून मरीया व योसेफ यांचे अर्पणही तेच दिसते. मिझोरममधील ख्रिस्ती स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढतात, आणि त्या मुठींतून तेथील सुवार्ताकार्याला मोठा आधार मिळतो. आपणही पगार येताच, खर्चाआधी, झेपेल तेवढी रक्कम वेगळी ठेवावी. तंगीच्या महिन्यात उपासनेपूर्वी सतरंज्या अंथरणे किंवा आजारी सभासदाची विचारपूस करणे हेही अर्पणच समजावे, फक्त त्याची नोंद कोणी ठेवावी अशी अपेक्षा धरू नये.